बिनपाण्याची हजामत आणि बिनसाबणाची दाढी : म्हालीच्या हाताचा वगळलेला इतिहास

१/ वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचे गाव आहे. शेख फरीद बाबांच्या दर्ग्यासाठी ते प्रसिद्ध आहे. दर्ग्याच्या टेकडीवर लहानमोठे वाटोळे दगड विखुरलेले आढळतात. फकिराची थट्टा करणाऱ्या दोन फिरत्या व्यापाऱ्यांचा माल, नारळांसकट, त्याच्या शापाने दगड झाला अशी आख्यायिका आहे. भूशास्त्र त्यांना झिओलाइटचे गोळे म्हणते. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरांनी आख्यायिका आणि खनिज दोन्ही टिपून ठेवली.

२/ त्याच मुलखात धोकटी काखेला मारून गावोगाव फिरणाऱ्या कारागिराला म्हाली म्हणत. इतरत्र तो न्हावी, कुठे वारीक. वाटीभर पाणी आणि उघडा वस्तरा, एवढ्यावर तो दाढी करीत असे. ही दाढी कशी होत असे याविषयी आज जे लिहिले जाते, त्यातील बरेचसे चुकीचे आहे. आणि ही चूक एकाच बाजूची नाही.

३/ पहिला पक्ष सांगतो : साबण आणि क्रीम येण्यापूर्वी दाढी म्हणजे छळ होता, गावंढळ न्हावी गाल सोलून काढत आणि कारखान्यांनी पुरुषजातीची सुटका केली. दुसरा पक्ष म्हणतो : पाण्याने दाढी हे प्राचीन भारतीय विज्ञान होते, साबण हे परक्यांचे कारस्थान. एकाला कंपनी दिसते, दुसऱ्याला ‘पूर्वज’ दिसतात. वस्तरा धरणारा हात दोघांनाही दिसत नाही.

४/ पहिल्या पक्षाला उत्तर द्यायला पुराभिलेखागारात जाण्याची गरज नाही. मराठी भाषाच पुरेशी आहे. एखाद्याची खरडपट्टी निघाली, भर सभेत फजिती झाली, की मराठी माणूस म्हणतो : त्याची ‘बिनपाण्याने’ केली. छळाची ही प्रतिमा पाण्याच्या अभावाची आहे. ‘बिनसाबणाने केली’ असे मराठीत कोणी म्हणत नाही. कारण साबण नसणे ही तक्रारीची गोष्टच नव्हती. पाणी नसणे ही होती.

५/ वाक्प्रचार रचणाऱ्या समाजाला जे ठाऊक होते, ते आज प्रयोगशाळाही सांगते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. कोरडा केस चिवट. पण तो आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषू शकतो, फुगतो, मऊ पडतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. यासाठी दोनतीन मिनिटे भिजणे पुरते. पाणी कोमट असेल तर आणखी लवकर.

६/ मग साबण काय करतो? केसांवरचा तेलकट थर काढून पाण्याला वाट देतो, फेसाच्या रूपाने तेच पाणी गालावर धरून ठेवतो आणि पाते सरकायला त्वचा बुळबुळीत करतो. म्हणजे साबण हा पाण्याचा मदतनीस. मुख्य काम पाण्याचेच. साबणाच्या वड्या विकणाऱ्यांना ही गोष्ट वेष्टनावर छापणे परवडणारे नव्हते, हे समजण्याजोगे आहे. इतिहास लिहिणाऱ्यांनी ती का विसरावी, हे समजत नाही.

७/ मदतनीस नसेल तर त्याचे काम हाताला करावे लागते. म्हाली बोटे पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवून दाढी चोळत असे. जुनी माणसे ‘दाढी भिजवणे’ म्हणतात ते हेच : गालावर पाणी लावणे नव्हे, खुंटात पाणी मुरवणे. मग डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणून धरायची. वस्तरा त्वचेशी निजता ठेवायचा, उभा नव्हे. केसाचा कल ओळखून त्या दिशेने जायचे. एक भाग पुरा होईपर्यंत दुसरा वाळू लागतो, म्हणून पुन्हा पाणी.

८/ आणि धार. फेस चुकीला थोडा वाव देतो; नुसते पाणी देत नाही. दगडावर घासून आणि चामड्यावर फिरवून लावलेली धार किंचित जरी बोथट असली, तरी केस कापला न जाता ओढला जातो आणि गिऱ्हाईक तत्काळ ओरडते. पाण्यावर दाढी करणाऱ्याला हयगय लपवायला जागाच नसते. अशा कारागिराला ‘अडाणी’ ठरवणाऱ्याने एकदा स्वतःच्या गालावर नुसत्या पाण्याने वस्तरा चालवून पाहण्याचा विचार करावा. (विचारच करावा. प्रत्यक्ष करू नये.)

९/ आता एक जुनी साक्ष. संत सेना न्हावी यांच्या नावावर एक प्रसिद्ध अभंग आहे. त्यात हजामतीचे सारे साहित्य आणि सारी कृती रूपक म्हणून येते : विवेक हा आरसा, वैराग्य हा चिमटा, शांती हे डोक्यावर चोळायचे पाणी, अहंकार ही शेंडी, कामक्रोध ही काढून टाकायची नखे. बगलासुद्धा सुटलेल्या नाहीत. साबण मात्र नाही.

१०/ कोणी म्हणेल, कवितेत एखादी वस्तू नसणे हा पुरावा कसा? एरवी आक्षेप रास्त ठरला असता. पण चित्तशुद्धीचे रूपक मांडणाऱ्या संताच्या हाताशी मळ धुणारी वस्तू असती, तर ती त्याने सोडली असती काय? साबण अज्ञात होता असेही नाही. हा शब्द मूळ अरबी, आणि गुरू नानकांच्या जपुजीत साबण येतो. पण येतो तो मळलेले कपडे धुण्यासाठी. साबणाची जागा कपड्यांवर होती, दाढीवर नव्हे.

११/ मग साबण जिंकला कशामुळे? छळातून सुटका केली म्हणून नव्हे. वेळ वाचवला म्हणून, आणि कसबाची गरज कमी केली म्हणून. लिव्हर कंपनीच्या सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८ साली कलकत्ता बंदरात उतरल्या. तो कपडे धुण्याचा साबण होता, पण वडीबंद, छापील नावाच्या साबणाची बाजारपेठ त्यातून उभी राहू लागली. १९०३ साली अमेरिकेत जिलेट कंपनीने सुरक्षित रेझर विक्रीला आणला. पहिल्या वर्षी खपले अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्या वर्षी हा आकडा ९० हजारांच्या घरात गेला.

१२/ या रेझरने दाढी करणारा माणूसच बदलला. आता ती ज्याची त्यानेच करायची होती, आरशात उलट दिसणाऱ्या चेहऱ्यावर, सकाळच्या घाईत, कोणतेही शिक्षण न घेता. शिकाऊ हाताला चुकीची मुभा हवी असते. ती फेसाने दिली. खेड्यात दाढी रोज होत नसे आणि म्हालीपुढे बसलेल्याला कचेरी गाठायची नसे. शहरात दोन्ही बदलले. ‘साबणाने दाढी सुसह्य झाली’ या वाक्यात म्हणूनच अर्धे सत्य आहे : स्वतःच दाढी करणाऱ्याला ती सुसह्य झाली.

१३/ कागदावरचा इतिहास या बाबतीत दुबळा का, याचे उत्तर रसेल यांच्या ग्रंथात सापडते. १९०६ च्या वर्धा जिल्हा गॅझेटिअरचे संपादक आर. व्ही. रसेल यांनी रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात नाई, म्हाली, हज्जाम या समाजांवर एक दीर्घ प्रकरण आहे.

१४/ प्रकरण वाचनीय आहे, हे मान्य करायलाच हवे. पण त्याचा मोठा भाग कशावर आहे? केसांत शक्ती असते या समजुतीवर, राजांच्या आणि पुरोहितांच्या केसांवर, नवसाला अर्पण केलेल्या केसांवर, कापलेल्या केसांची विल्हेवाट कशी लावावी यावर. अयोध्येच्या नवाबाच्या दरबारातील न्हाव्यासाठीही वेगळे उपशीर्षक आहे. केस महत्त्वाचा, तो कापणाऱ्याच्या हाताचे तंत्र त्यामानाने नगण्य. गिरडच्या टेकडीवरील दगडांना जी जिज्ञासा लाभली, ती पायथ्याच्या कारागिराला लाभली नाही.

१५/ घरचा कारभारही वेगळा नव्हता. ‘रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी’ ही म्हण आजही हसत हसत वापरली जाते. तुंबडी लावून दूषित रक्त काढणे हा त्या काळचा वैद्यकीय उपचार होता आणि गावात तो करणारा न्हावीच असे. वैद्याच्या रिकामपणावर अशी म्हण प्रचलित झाली नाही.

१६/ येथवर वाचून दुसरा पक्ष सुखावला असेल, तर थांबावे. पाण्याच्या दाढीचे कौतुक करताना ती वाटी विसरता येत नाही. तेच पाणी, तोच वस्तरा, एकामागून एक चेहरे. दाढीच्या मुळांशी होणाऱ्या संसर्गाला इंग्रजी वैद्यकात ‘बार्बर्स इच’ असेच नाव पडले. म्हणजे हा दोष केवळ भारतातलाही नव्हे. हेपेटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. आज सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते लावतात, ते काही पाश्चात्त्य कारस्थान नाही.

१७/ त्याहून अडचणीचा प्रश्न : हे ‘प्राचीन विज्ञान’ कोणाच्या गालापर्यंत पोहोचत होते? सेना न्हावींचा अभंग चारही वर्णांना हात देण्याची भाषा करतो. गावकुसाबाहेरच्यांना तो हात व्यवहारात मिळत नव्हता. डॉ. आंबेडकरांनी साताऱ्यातील बालपणाविषयी लिहिले आहे : गावात न्हावी होते, त्यांना द्यायला पैसेही होते, पण अस्पृश्याला कोणी हात लावत नसे, म्हणून घरातील मुलांचे केस थोरली बहीण कापत असे आणि करता करता ती त्यात निष्णात झाली.

१८/ गांधीजींचा प्रसंगही याला जोडूनच वाचावा. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने केस कापायला नकार दिला, तेव्हा त्यांनी यंत्र विकत आणून आरशासमोर स्वतःच केस कापले. आत्मकथेत ते त्या न्हाव्याला दोष देत नाहीत. आपल्या देशात आपणही न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देत नाही, हे त्यांनी तेथेच नोंदवले आहे. पुढे १९३६ मध्ये हेच गांधी वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामला येऊन राहिले.

१९/ आणि विधवा. ज्या वस्तऱ्याची धार येथे वाखाणली गेली, तोच वस्तरा केशवपनाला वापरला जाई. कारागिराला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार बलुत्याच्या व्यवस्थेत जवळजवळ नव्हता. म्हणूनच १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला, हे असामान्य होते. ‘पूर्वजांच्या विज्ञानाचा’ अभिमान मिरवणाऱ्या लेखनात ही सभा क्वचितच दिसते. कारागीर नुसता हात नसून त्याला मतही आहे, हे तिथे दिसून आले, ते बहुधा अडचणीचे ठरत असावे.

२०/ इतिहासप्रेमी तरुणांना वस्तऱ्यांच्या संग्रहाची छायाचित्रे टाकण्याऐवजी एक निकडीचे काम करता येईल. नुसत्या पाण्यावर दाढी केलेले आणि करवून घेतलेले लोक आता वयोवृद्ध आहेत. समुद्रपूर, हिंगणघाटच्या खेड्यांत अशा घरांची चौकशी करावी. दाढी किती वेळ भिजवत? पाणी कोमट करत की नाही, विशेषतः हिवाळ्यात? धारेसाठी दगड कुठून आणत, चामडे कोणाकडून घेत? पहिला वस्तरा कोणाच्या गालावर चालवून शिकले? वर्षाला धान्य किती मिळे? आणि कोणाच्या दारात धोकटी उघडायची नाही, हे त्यांना कोणी, कोणत्या वयात सांगितले?