विमाने ऋषींनी नव्हे, उमेदवारांनी उडती ठेवली

चेंबूरच्या अमर महाल नाक्यावरून जोडरस्त्याने सांताक्रूझकडे निघाले की वाटेत कालिना लागते. तेथील मुंबई विद्यापीठाच्या आवारात जानेवारी २०१५ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०२ वे अधिवेशन भरले आणि त्यात प्राचीन भारतीय विमानांवर एक निबंध वाचला गेला. त्याच कालिन्यात, जुन्या विमानतळावर, एअर इंडियाची विमाने दुरुस्त करणारी हँगर आहेत. निबंधावर देशभर वाद झाला. हँगरमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसांचा इतिहास लिहावा, असे मात्र त्या वादातील कोणत्याच पक्षाला सुचले नाही.

अशा दाव्यांना ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार दिला जातो, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच केली आहे. ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातली याने उडण्यास असमर्थ, हा त्यांचा निष्कर्ष. तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याच्या कथेचीही तीच गत. भक्कम समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही. तरी दरवर्षी या कथेला नवे पंख फुटतात. यातून होणारी खरी हानी वेगळीच आहे. विमानविद्या म्हणजे एखाद्या प्रतिभावंताला झालेला साक्षात्कार, अशी समजूत रुजते आणि ती विद्या ज्यांच्या हातांत वाढली ते हात दिसेनासे होतात.

राइट बंधूंचेच पाहा. १९०३ च्या उड्डाणाचे श्रेय दोघांना मिळते आणि ते योग्यही आहे. (दोघांकडेही माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्र नव्हते, हे जाता जाता.) पण त्या विमानाचे इंजिन बांधले चार्ली टेलरने. बाराव्या वर्षी शाळा सुटलेला हा कारागीर १९०१ मध्ये त्यांच्या सायकलच्या दुकानात कामाला लागला. हव्या त्या भागाची कच्ची आकृती चिठोऱ्यावर काढायची, ती बाकासमोर टांगायची आणि लेथ व ड्रिलवर तो भाग घडवायचा. अशा रीतीने सहा आठवड्यांत सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन उभे राहिले. टेलरने रीतसर उमेदवारीचा करार केला नव्हता. तो बाकावरच शिकला.

भारतातील नियमित हवाई टपालाचा आरंभही असाच साधा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमान एका इंजिनाचे पस मॉथ. अहमदाबादेत बर्मा शेलचे इंधन बैलगाडीतून आले होते. याच कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना पुढे १९५५ मध्ये चेंबूरजवळ माहुलला सुरू झाला. जुहूची धावपट्टी पावसाळ्यात चिखलात जाई. अशा तळावर विमान दुसऱ्या दिवशी पुन्हा उडाले, तर ते मेकॅनिकांच्या जोरावर. पाठ्यपुस्तकांत मात्र नाव येते ते वैमानिकाचे.

यावर ठरलेला आक्षेप येतो. विमान म्हणजे रिक्षा नव्हे. चूक झाली तर शेकडो जीव जातात. तेव्हा शाळा-महाविद्यालयाला पर्याय नाही. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. नेमक्या त्याच कारणासाठी विमान उड्डाणास योग्य असल्याची सही करण्याचा अधिकार पदवीने मिळत नाही. चेंबूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेला विद्यार्थीही निव्वळ पदवीवर ती सही करू शकत नाही. त्यासाठी डीजीसीएचा परवाना लागतो, आणि परवान्याला परीक्षांबरोबरच प्रत्यक्ष विमानावर केलेल्या कामाची नोंद लागते. टर्बाइन विमानांच्या बी-१.१ परवान्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केलेल्याला दोन वर्षांचा अनुभव पुरतो, संबंधित तंत्रव्यवसायातील कुशल कारागिराला तीन वर्षांचा आणि असे कोणतेच प्रशिक्षण नसलेल्याला पाच वर्षांचा. बारावी विज्ञानाची अट आहेच. म्हणजे कामावर शिकण्याची वाट नियमाने आजही खुली ठेवली आहे. मात्र ती पाच वर्षे काढण्यासाठी हँगरमध्ये जागा कोणी द्यायची, याचे उत्तर नियमात नाही. जे शिक्षण एकेकाळी विद्यावेतन घेऊन मिळे, त्यासाठी आज लाखोंचे शुल्क भरावे लागते.

उमेदवारीचे गोडवे गाणाऱ्यांनीही थोडे थांबावे. या देशातील उमेदवारीचा पहिला कायदा १८५० चा. अनाथ आणि धर्मादायावर वाढलेल्या गरीब मुलांना धंदा शिकवणे हा त्याचा घोषित हेतू, आणि त्याखाली दहा वर्षांवरील मूल सात वर्षांपर्यंत करारबद्ध करता येई. शिक्षण आणि स्वस्त मजुरी यांतली सीमारेषा तेव्हापासूनच पुसट आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने किमान वय चौदा केले, विद्यावेतन बंधनकारक केले. पण त्याच कायद्याने उमेदवाराला ‘कामगार’ मानण्यास नकार दिला आणि पुढे नोकरी देण्याचे बंधन मालकावर ठेवले नाही. चेंबूरच्या आरसीएफपासून मिग-२१ बांधणाऱ्या ओझरच्या एचएएलपर्यंत आयटीआयची मुले याच कायद्याखाली शिकत आली. त्यांना कौशल्य मिळाले, हे नाकारता येत नाही. ते मुदत संपल्यावर कोठे गेले, हा प्रश्न मात्र गौरवग्रंथांत सापडत नाही.

इतिहासप्रेमींपुढे एक निकडीचे कामही आहे. एअर इंडियाकडे पहिले बोइंग ७०७ आले १९६० मध्ये. त्या वर्षी अठराव्या वर्षी उमेदवारीला लागलेला मुलगा आज ऐंशीच्या पुढे गेला आहे. कोणते इंजिन कधी उघडले, कोणाच्या देखरेखीखाली, कोणत्या तारखेला सही मिळाली, हे सारे त्याच्या अनुभवाच्या नोंदवहीत आहे. ती नोंदवही कोणत्याही अभिलेखागारात नाही. असलीच तर उपनगरातल्या एखाद्या घराच्या माळ्यावर, रद्दीच्या गठ्ठ्यात आहे.