ओझ्याची सायकल

ओझ्याची सायकल म्हणजे गरिबी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. दुधाच्या किटल्या, दळणाचं पोतं, कडब्याच्या पेंढ्या, एवढंच तिच्या नशिबी. त्याच कॅरिअरला तंबू, पथारी, पातेलं अन् डाळ-तांदूळ बांधून मी एकटा घाटघरच्या वाटेला लागलो, की टपरीवर हटकून प्रश्न येतो, "घरी गाडी नाही का हो?"

आहे. पण तिकडे ती नेणार नाही.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे 1986 पासून अभयारण्य आहे. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याभोवती हिरडा, बेहडा, सादड्यावर काजवे लुकलुकतात. ती आपली करमणूक नव्हे, जोडीदाराला घातलेली साद आहे. त्या अंधारात मोटारींच्या रांगा दिवे पाजळत, गाणी वाजवत घुसतात. त्याला म्हणायचं पर्यटन, अन् चढावर सायकल ढकलणारा तो येडा!

ओझं स्वतःच्या पायांनी ओढावं लागलं, की माणूस गरजेपुरतंच नेतो. बाटल्यांचा खोका घाटातून कोण ओढील? तंबू ठोकायचा तर वाडीत कुणाचं तरी खळं विचारावं लागतं, पाणी मागावं लागतं. भाकरीचे पैसे त्या चुलीपाशीच राहतात.

म्हातारे, लेकुरवाळे सायकलवर कसे येणार, असं कुणी म्हणेल. खरंय. त्यांच्यासाठी गावच्या जीपा आहेत. काजव्यांच्या दिवसांत बाहेरच्या गाड्या शेंडीलाच थांबवा. पुढे अंधार राहील, अन् जीपवाल्या पोरांना चार पैसेही मिळतील.