पाकीट हिरवे, खोती जुनीच

खोती म्हणजे काय, हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. जमीन कसायची कुळाने, चिखलात उतरायचे कुळाने, आणि सरकारदरबारी हिशेब द्यायचा खोताने. ज्याच्या हातात हिशेब, त्याच्या हातात हक्क. १९२९ साली चिपळूणच्या शेतकरी परिषदेत बाबासाहेब या प्रश्नावर बोलले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली हजारो कुळे मोर्चाने कायदेमंडळावर धडकली. खोती रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९४९ साल उजाडले.

हा इतिहास आज काढायचे कारण शेती नाही. कारण आहे बिस्किटाचे, चिप्सचे आणि मसाल्याचे रिकामे पाकीट. त्या पाकिटाभोवती एक नवी खोती उभी राहते आहे आणि आपली चळवळ तिच्याकडे बघायलाही तयार नाही. पर्यावरण हा उच्चवर्णीयांच्या रविवारचा विषय आहे, असे आपण ठरवून टाकले आहे. तसे ठरवणे आपल्याला परवडणारे नाही.

अन्नपदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांच्या तोंडी सध्या 'शाश्वतता' आणि 'सहकार्य' हे दोन शब्द सतत असतात. सप्टेंबर २०२१ मध्ये सीआयआय ही उद्योगपतींची संघटना आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ इंडिया यांनी मिळून 'इंडिया प्लास्टिक्स पॅक्ट' सुरू केला. २०३० पर्यंत सगळे प्लास्टिक पॅकेजिंग पुन्हा वापरता येण्याजोगे किंवा पुनर्चक्रीकरण करण्याजोगे करायचे, निम्म्याचे प्रत्यक्ष पुनर्चक्रीकरण करायचे, अशी त्याची उद्दिष्टे आहेत. उद्दिष्टे चांगली आहेत. प्रश्न एवढाच, की 'सर्व घटकांचे सहकार्य' असे म्हणताना रस्त्यावरून ते पाकीट उचलणारी बाई घटकांच्या यादीत कितव्या क्रमांकावर आहे?

आधी ते पाकीट नीट समजून घेऊ. चिप्सचे पाकीट म्हणजे एक पदर नसतो. बाहेरचा पदर छपाईसाठी, मधला धातूचा मुलामा हवा आणि ओल अडवायला, आतला पदर उष्णतेने चिकटून तोंड बंद व्हावे म्हणून. कोकणातल्या पावसाळ्यात उघडा चिवडा तासाभरात सादळतो, त्यामुळे हे पदर निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणू नये. बचत गटातल्या आपल्याच बहिणींना आंबापोळी आणि कुळथाचे पीठ मुंबईला पाठवायचे तर असलेच पाऊच घ्यावे लागतात. पण एकमेकांना घट्ट चिकटलेले हे पदर पुन्हा सुटे करणे अवघड आणि महाग असते. म्हणून भंगारवाला पुठ्ठ्याला भाव देतो, पाण्याच्या बाटलीला भाव देतो, चकचकीत पाकिटाला देत नाही. काही ग्रॅमचे ते पाकीट. किलोभर करायला शेकडो वेचावी लागतात. वेचून मिळणार काय? शून्य. म्हणून ते गटारात राहते, पऱ्ह्यातून खाडीत जाते, आणि भरतीला भाट्ये-मांडवीच्या किनाऱ्यावर परत येते.

आता कायदा बघा. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार आणि तीन महिने कैद. हा दंड पिशवीला होता. कारखान्यात माल भरतानाच वापरलेल्या वेष्टनाला सूट होती. म्हणजे बाजारात टोपली घेऊन बसलेल्या मासेवालीने पातळ पिशवीत बांगडे घालून दिले तर ती गुन्हेगार, आणि शेजारच्या टपरीवर माळेसारखी लटकणारी चिप्सची पाकिटे कायदेशीर. त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला ५० पैसे परत देण्याची तरतूद होती. रिकामी पिशवी दुकानात देऊन ५० पैसे परत घेतलेला एक माणूस तुमच्या वाडीत शोधून दाखवा. गरिबाच्या अंगावरचे कलम पहिल्या दिवशी लागू होते, कंपनीच्या अंगावरचे कलम कागदावरच राहते.

यावर सांगितले जाते की कंपन्यांवर आता 'विस्तारित उत्पादक जबाबदारी' आहे. ती आहे, हे खरे. फेब्रुवारी २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपनीने जेवढे प्लास्टिक बाजारात आणले, त्याचा हिशेब तिने द्यायचा. बहुपदरी वेष्टनाचे पुनर्चक्रीकरण २०२४-२५ मध्ये किमान ३० टक्के आणि २०२७-२८ पर्यंत ६० टक्के व्हायला हवे. कंपनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करते, नोंदणीकृत प्रक्रियादाराकडून प्रमाणपत्र विकत घेते आणि मोकळी होते.

इथेच खोत दिसतो. प्रमाणपत्र तयार करण्याचा अधिकार प्रक्रियादाराला. पैसे देणार कंपनी, घेणार प्रक्रियादार, मध्ये वाटेकरी गोळा करणाऱ्या एजन्सी. ज्या हातांनी ते प्लास्टिक कचऱ्यातून वेगळे केले, त्या हातांचे नाव प्रमाणपत्रावर नाही आणि त्या पैशातला ठरलेला वाटाही त्यांना नाही. तिला मिळतो भंगारवाला देईल तो भाव. कूळ राबते, नोंद खोताची.

दुसरी गोष्ट कोकणाने विशेष लक्षात घ्यावी. हा हिशेब वजनाचा आणि प्लास्टिकच्या प्रकाराचा आहे, गावाचा नाही. पाकीट विकले मंडणगडच्या वाडीत आणि प्रमाणपत्र आणले दूरच्या शहरातल्या प्लास्टिकचे, तरी कंपनी निर्दोष. ज्याचे पुनर्चक्रीकरण होत नाही असे प्लास्टिक बरेचदा सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जाते. महाराष्ट्रातल्या अशा भट्ट्या मुख्यतः चंद्रपूरकडे. घाट चढवून तिथवर हलके प्लास्टिक नेण्याचा खर्च कोण करील? जिथे मोठे शहर आहे, गाडी भरते, तिथलेच उचलले जाणार. मंडणगड तालुक्यातच बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे आणि त्याच तालुक्यात वेळासचा किनारा आहे, जिथे कासवांची घरटी जपली जातात. त्या तालुक्याच्या वाट्याला फक्त रिकामे पाकीट येते. कागदावर मात्र ते गोळा झालेले असते.

आणि हे वेचणारे हात कुणाचे? पुण्यातल्या कचरावेचकांमध्ये बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यातल्या बहुतेक मातंग, बौद्ध अशा दलित समाजांतल्या आहेत. अनेकींची कुटुंबे मराठवाड्यातून दुष्काळाने हुसकून लावलेली. हा योगायोग नाही. गाव सोडले तरी गावाने दिलेले काम शहरात त्यांची वाट बघत होते. जात म्हणजे कामांची सोयीस्कर वाटणी, हा दावा बाबासाहेबांनी खोडून काढला. जात काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांच्या डोक्यावर रचते, हे त्यांनी दाखवले. मोर्चानंतर महिनाभराने, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. रिकाम्या पाकिटात दोन्ही एकत्र सापडतात. नफा एकाचा, घाण दुसऱ्याची, आणि ती घाण कोणाची हे जन्माने ठरलेले.

यावर आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडा असे सांगितले. तुम्ही कचरावेचकांना संघटित करून त्यांना कचऱ्यातच ठेवता." हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. गांधींनी सफाईच्या कामाला सेवा म्हटले, बाबासाहेबांनी त्या गौरवातला डाव ओळखला. कचरा वेचणे पुण्याचे काम आहे असे आम्ही कधीही म्हणणार नाही. तिच्या मुलीने ते काम करू नये, हेच आमचे ध्येय. पण मुलीची फी आज कुठून येणार? जे काम ती रोज करते त्याची पूर्ण किंमत न मागता तिला नुसते "सोड" म्हणणे, हा पोट भरलेल्याचा उपदेश झाला. महारवतनाविरुद्ध लढताना बाबासाहेबांनी वतनाची गुलामी झुगारा म्हटले, पण जमिनीवरचा हक्क सोडा असे म्हटले नाही.

हक्क मिळू शकतो, याचे उदाहरण पुण्यात आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. घरटी शुल्क थेट कचरावेचकाला, आणि वेचलेल्या भंगारावर हक्क तिचाच. २०१३ मध्ये या बायकांनी वापरलेले सॅनिटरी पॅड कंपन्यांनाच परत पाठवले. पुढे बहुपदरी वेष्टन गोळा करण्यासाठी आयटीसी कंपनीने 'स्वच्छ'बरोबर काम केले, आणि ज्या पाकिटाला भंगारात भाव नव्हता ते उचलण्याचे पैसे मिळू लागले. सहकार्य याला म्हणतात. ते कंपनीच्या दयेतून आलेले नाही. समोर संघटना होती म्हणून आले.

मग रत्नागिरीत काय करायचे? २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांची ओळख पटवून त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. २०२४ मध्ये केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत त्यांचा समावेश झाला आहे. रत्नागिरी, चिपळूण, खेडच्या नगरपरिषदांना माहितीच्या अधिकारात विचारा: कचरावेचकांची नोंद किती, ओळखपत्रे किती, बहुपदरी प्लास्टिक जाते कुठे, आणि कोणत्या कंपनीने त्यासाठी इथे एक रुपया तरी दिला का? उत्तर आले की सहकारी संस्थेचा प्रस्ताव ठेवा. संस्थेच्या संचालक मंडळावर वेचणाऱ्या स्त्रिया हव्यात, त्यांच्या नावाने बोलणारे पुढारी नकोत. मागणी स्पष्ट ठेवा: प्रमाणपत्राच्या रकमेतला ठरावीक वाटा वेचणाऱ्याच्या खात्यावर कायद्याने जमा व्हावा, आणि ज्या जिल्ह्यात माल विकला त्याच जिल्ह्यात काही हिस्सा गोळा करणे बंधनकारक व्हावे. वर्गीकरण केंद्र, यंत्रे, वजनकाटा आणि हिशेबाची वही संस्थेच्या मालकीची असावी. आपली शिकलेली पोरे तिथे तंत्रज्ञ आणि हिशेबनीस म्हणून बसावीत. बचत गटांनीही कोकम आगळाच्या काचेच्या बाटल्या परत घेऊन, धुऊन पुन्हा भरणारे एक सामाईक केंद्र मागावे. सगळे नावीन्य कंपनीच्या प्रयोगशाळेतूनच यावे असे कुठे लिहिले आहे?

पाकीट कागदाचे येईल, विरघळणारे येईल, त्यावर हिरवे पानही छापले जाईल. ते उचलणार कोण आणि त्याचे पैसे घेणार कोण, हे दोन प्रश्न जोवर वेगवेगळी उत्तरे देतात तोवर खोती संपलेली नाही. १९३८ साली कुळांनी खोताच्या वहीवर बोट ठेवले होते. आज वही पोर्टलवर गेली आहे. बोट ठेवायला आपण जायचे आहे.

जय भीम!