दोष सुनेचा नव्हे, लपलेल्या जनुकाचा

“आमच्या दोन्ही घरांत असला आजार कुणाला नव्हता, मग आमच्याच बाळाला का?” थॅलेसेमिया झालेल्या मुलाचे आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात. डॉक्टरांनी तोंड उघडण्याआधीच घरातली वडीलधारी मंडळी उत्तर देऊन मोकळी होतात. सुनेचा पायगुण, नाहीतर गरोदरपणी ग्रहण पाळले नाही! हे उत्तर चुकीचे आहे आणि क्रूरही आहे.

खरे कारण असे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. थॅलेसेमियात एकच प्रत बिघडलेली असेल तर माणूस धडधाकट राहतो, फार तर रक्त थोडे कमी भरते. त्याला वाहक म्हणतात. आईवडील दोघेही वाहक असले तरच, प्रत्येक गरोदरपणात, मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे यात आईचा वाटा जेवढा, तेवढाच बापाचाही.

वाचक विचारतील, आजारी मुले पूर्वी लहानपणीच दगावत. मग हे जनुक आजवर नष्ट कसे झाले नाही? शेतकऱ्याला याचे उत्तर ठाऊक आहे. वर दिसणारे तण खुरपले तरी जमिनीत बी राहतेच. समजा, एखादा असा आजार दहा हजारांत एका मुलाला होतो. त्याच दहा हजारांत वाहक सुमारे दोनशे असतात! बिघडलेल्या प्रतींपैकी शंभरात नव्व्याण्णव या निरोगी माणसांत लपलेल्या असतात. एकाही रुग्णाला मूल झाले नाही, तरी या जनुकाचे प्रमाण निम्म्यावर यायला शंभर पिढ्या लागतील. म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षे, गौतम बुद्धांच्या काळापासून आजपर्यंत!

त्यात थॅलेसेमियाची आणखी एक गंमत आहे. जिथे हिवताप फार, तिथे वाहकांना त्याच्या जीवघेण्या तडाख्यापासून थोडे संरक्षण मिळते. ही कल्पना १९४९ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी मांडली. हे शास्त्रज्ञ पुढे १९५७ साली भारतातच स्थायिक झाले. आपल्या नंदुरबार, गडचिरोलीकडे आढळणाऱ्या सिकलसेलबाबतही हेच घडले. ज्याला आपण आज दोष म्हणतो, त्यानेच कधीकाळी आपल्या पूर्वजांची पोरे वाचवली.

आता आपल्या सातारा-सांगलीकडे वळू. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. ते पाप नव्हे, पण हिशेब समजून घ्यावा. मुलाच्या आईचे वडील तेच मुलीच्या वडिलांचे वडील. हे आजोबा वाहक असतील, तर त्या जोडप्याचे मूल आजारी होण्याची शक्यता चौसष्टात एक येते. वरच्या उदाहरणात त्याच मुलाने नात्याबाहेरची मुलगी केली, तर ती आठशेत एकाच्या आसपास येते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, पत्रिका जुळवण्याआधी रक्त तपासावे. साधी रक्ततपासणी आणि त्यापुढे हिमोग्लोबिनची एचपीएलसी ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. नात्यातले लग्न ठरत असेल तर ती टाळूच नये. दोघांपैकी एकच वाहक निघाला तर खुशाल लग्न करावे, मूल थॅलेसेमियाने आजारी होणार नाही. दोघेही वाहक असतील, किंवा लग्न आधीच झाले असेल, तर गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला वेळेवर घ्यावा.

मात्र एक विनंती. वाहक निघालेल्या मुलीला ‘खोट असलेली’ ठरवू नका. आपल्यापैकी प्रत्येकाजवळ कुठले ना कुठले बिघडलेले जनुक लपलेले असतेच. दर तीन-चार आठवड्यांनी लेकराला रक्त चढवायला एसटीने नेणाऱ्या आईला टोमण्यांची नव्हे, घरच्यांच्या सोबतीची गरज असते.