जोड पाहून कुस्ती, बळ पाहून डोंगर

आषाढ लागला की कोल्हापूरच्या तरुणांची पावले पन्हाळ्याकडे वळतात. राजदिंडीपासून निघून मसाईच्या पठारावरून, वाड्यावस्त्या आणि ओढे ओलांडीत पावनखिंडीपर्यंत पायी जाण्याची प्रथा आता या जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनाचा भागच झाली आहे. १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरचा वेढा भेदून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटले, आणि दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे व बांदल मावळे यांनी प्राण वेचून ती खिंड पावन केली. त्या स्मृतीला चालत जाऊन वंदन करावे, ही भावना स्तुत्य आहे, आणि पुस्तकातला इतिहास पायाखाली घेण्याची हौस ज्या पिढीला आहे तिच्याविषयी निराश होण्याचे कारण नाही.

तथापि या हौसेला जोडून येणाऱ्या एका उणिवेकडे दुर्लक्ष करणेही योग्य नव्हे. मोहिमेला नाव नोंदविणाऱ्यांपैकी पुष्कळांनी वर्षभरात चार मैलांची सलग चाल केलेली नसते. मित्र निघाला म्हणून विद्यार्थी निघतो; विद्यार्थी निघाले म्हणून शिक्षक निघतो; आणि वीस वर्षे टेबलाशी बसून काढलेला कारकून, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर कोणाचे तरी हिरव्या पठारावरचे छायाचित्र पाहून, आपणही एकदा जाऊन यावे असे ठरवितो. वाट कोणती, ती किती लांबीची, तिच्यात चढ किती, आणि आपल्या अंगात बळ किती, हे चार प्रश्न बहुधा पहिल्या मुक्कामाला पायांना फोड आल्यावरच विचारले जातात. काहींच्या बाबतीत ते विचारण्याची वेळही निघून गेलेली असते.

वस्तुतः हा प्रश्न कोल्हापूरकरांना कोणी बाहेरच्याने समजावून सांगण्याची गरज नाही. शाहू महाराजांनी ज्या नगरीत खासबागेचे मैदान उभे केले, तेथे लाल मातीचा पहिला नियम लहान पोरालाही ठाऊक असतो : जोड पाहून कुस्ती. कालपरवा तालमीत आलेल्या पोराला कोणताही वस्ताद कसलेल्या मल्लासमोर उभा करीत नाही. तसे केले तर लोक पोराच्या धाडसाचे कौतुक करणार नाहीत, वस्तादाच्या अकलेची कीव करतील. पोराचे जोर आणि बैठका रोज थोड्या थोड्या वाढवावयाच्या, आधी त्याच्या वजनाची जोड द्यावयाची, मग थोडी वरची, हा तालमीचा क्रम आहे. डोंगराच्या बाबतीत मात्र हेच शहाणपण आपण तालमीच्या उंबरठ्यावर ठेवून येतो. डोंगर हाही एक प्रतिस्पर्धीच आहे, आणि तो कुस्ती बरोबरीत सोडवीत नाही.

वाटेची जोड ठरवावयाची तर ती कशावरून ठरवावी? सर्वसाधारण समजूत अशी की, उंच तो डोंगर अवघड आणि ठेंगणा तो सोपा. ही समजूत चुकीची आहे. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. पण त्याच्या कठीण टप्प्यांवर लोखंडी शिड्या असल्याने सवयीचा माणूस तेथे दोराविना जाऊन येतो. त्याच परिसरातील अलंग, मदन हे किल्ले उंचीने त्याहून कमी. तेथे मात्र दोर आणि जाणता माणूस यांवाचून गत्यंतर नाही. तेव्हा शिखराच्या उंचीपेक्षा प्रत्यक्ष चढावी लागणारी उंची, एकंदर अंतर, पायाखालची जमीन, आणि मध्येच थांबावे लागल्यास बाहेर पडण्याची सोय, या चार गोष्टी अधिक महत्त्वाच्या ठरतात. रांगण्याचेच उदाहरण घ्यावे. पाटगावच्या बाजूने जाणारी वाट आणि कोकणातून नारूरकडून चढणारी वाट एकाच गडावर पोहोचतात. परंतु दुसरीची चढण अंगावर येणारी आहे. आणि दोन्ही वाटांवर भोवती जंगल असल्याने, पाय मुरगळलेल्या माणसाला तेथून उचलून आणणे म्हणजे सोबतच्या सर्वांचीच परीक्षा असते.

या हिशेबाला आकड्यांची जोड देणारा एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो सांगितला. सपाटीवरील दर तीन मैलांना, म्हणजे सुमारे पाच किलोमीटरांना, एक तास धरावा आणि चढाईच्या दर दोन हजार फुटांना, म्हणजे सुमारे सहाशे मीटरांना, आणखी एक तास मिळवावा. कोल्हापूर ते पन्हाळा हे अंतर सुमारे वीस किलोमीटर, आणि गड भोवतालच्या मैदानापासून सुमारे चारशे मीटर उंच. म्हणजे चार तास चालीचे आणि चाळीस मिनिटे चढाची. परंतु नेस्मिथचा हिशेब धडधाकट, सवयीच्या आणि मध्ये न थांबणाऱ्या माणसाचा आहे. घोळक्याने चालणाऱ्या, वाटेत चहाला टेकणाऱ्या, पावसात भिजलेल्या नवशिक्याने त्यात निम्म्याची भर घातली, तर पन्हाळा हाच पुऱ्या दिवसाचा कार्यक्रम होतो. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट तर सुमारे पन्नास किलोमीटरांची. दोन दिवसांत विभागली तरी रोजचे पंचवीस किलोमीटर पडतात. वर चिखल, निसरडे बांध, फुगलेले ओढे आणि पाठीवर ओली पिशवी. ठोकताळ्याने सहा तासांचा वाटणारा दिवस येथे सहज दहा तासांवर जातो. दहा तास उभे राहण्याचीही ज्याला सवय नाही, त्याने दहा तास चालण्याचा संकल्प सोडावा काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

पावसाळी वाटेचे आणखी एक फसवे रूप ध्यानात घेतले पाहिजे. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील गगनबावड्यात तो पाच हजारांच्या घरात जातो. म्हणजे शहरात छत्री उघडावी की नाही असा विचार चाललेला असताना घाटमाथ्यावर ओढ्याला उतार राहिलेला नसतो. मसाईचे पठार उन्हात दिसावयास सपाट आणि निरुपद्रवी. पण धुके उतरले म्हणजे त्या सपाटीवरच दिशा हरवते, कारण नजर ठरावी अशी खूणच उरत नाही. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही, अंग निवत नाही, आणि थंडगार पावसातही माणूस आतून तापतो. गार वाटते म्हणून तो पाणी पिण्याचे टाळतो, आणि दुपारी पोटऱ्यांत गोळे आले की नशिबाला दोष देतो.

स्वतःचे बळ मोजण्यासाठी फार मोठ्या साधनांची गरज आहे असेही नाही. चढावर चालताना सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येते, तोवर चाल बेताची आहे. शब्दाशब्दाला थांबावे लागले की ती ताकदीबाहेर गेली. चढताना छाती बोलते आणि उतरताना गुडघे बोलतात. म्हणून वर पोहोचलो म्हणजे काम झाले असे मानणाऱ्याने निम्मेच गणित सोडविलेले असते. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी आधी वैद्याचा सल्ला घेणे हा भित्रेपणा नव्हे. छातीवर दडपण, डाव्या हाताला कळ, अकारण घाम यांना ‘पित्त असेल’ म्हणून पुढे चालत राहणे मात्र निखालस अविचार आहे.

हिमालयाकडे निघणाऱ्या नोकरदारांनी तर एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. सुमारे अडीच हजार मीटरांच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो, आणि तो धडधाकट तरुणालाही सोडीत नाही. महाराष्ट्रातील सह्याद्रीचे सर्वोच्च टोकच त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असल्याने, तेथे कितीही पायपीट केली तरी त्या हवेची सवय होत नाही. तेथे सावकाश चढणे आणि त्रास वाढल्यास खाली उतरणे हाच मार्ग.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो अगदीच निराधार नाही. सगळेच मोजूनमापून करावयाचे तर साहसाला अर्थ काय? आधीच घराबाहेर न पडणाऱ्या मुलांना या सूचनांचे ओझे देऊन अधिक नाजूक करावयाचे आहे काय? याचे उत्तर पुन्हा तालमीतच सापडते. तालीम कोणाला नाजूक करीत नाही. ती क्रमाने कणखर करते. रोज संध्याकाळी रंकाळ्याला फेरी घालणाऱ्याने महिन्याभरात जोतिबा पायी गाठावा. जोतिबा झाल्यावर पन्हाळा. तो अंगाला मानवला की पन्हाळ्याहून मसाई पठार आणि परत. एवढे पचविल्यावर पावनखिंडीची वाट त्याला शिक्षा वाटणार नाही. आणि ज्याला वय वा प्रकृती यांमुळे एवढे शक्य नाही, त्याने गाडीने पांढरपाण्यापर्यंत जाऊन अखेरचा टप्पा पायी चालावा. त्याच्या वंदनात काही उणे राहते असे कोण म्हणेल?

मागे फिरण्यालाही आपल्याकडे विनाकारण कमीपणा चिकटविला जातो. याच कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकर यांना २०२१ मध्ये प्रतिकूल हवामानामुळे एव्हरेस्टवरून माघारी यावे लागले. २०२२ मध्ये त्यांनी ते शिखर गाठले. पहिल्या वर्षीची माघार पराभव मानावयाची की दुसऱ्या वर्षीच्या यशाची पहिली पायरी, हे प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःशी ठरवावे. डोंगर पुढच्या वर्षीही जागेवरच असतो; माणूस असेल तर त्याला त्याची भेट पुन्हा घेता येते.

या संदर्भात शिक्षकांवर येणारी जबाबदारी सर्वांत मोठी आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. एकटा माणूस वाट निवडतो ती स्वतःच्या बळावरून. शिक्षक वाट निवडतो ती चाळीस मुलांच्या वतीने. अशा वेळी वर्गातील सर्वांत चपळ मुलाकडे पाहून वाट ठरविणे ही चूक आहे. ती ठरविली पाहिजे सर्वांत मागे राहणाऱ्याकडे पाहून. तो मुलगा बहुधा तोंडाने काही बोलत नाही. दम लागला असे म्हटले तर हसे होईल, या भीतीने तो ओठ आवळून चालत राहतो. पुढचे थांबतात, तो पोहोचतो, आणि तो पोहोचताच पुढचे विश्रांती संपवून उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सर्वाधिक, त्यालाच ती मिळत नाही. मागच्या मुलाला पुढे घेऊन त्याच्या चालीने सर्वांनी चालणे, एवढी साधी गोष्ट केली तरी अनेक संकटे टळतील. शिवाय त्या एका दिवसात मुले सहजीवनाचा जो धडा शिकतील, तो नागरिकशास्त्राच्या तासाला शिकविता येत नाही.

आयोजकांकडूनही एक किमान अपेक्षा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. पण कागदावरचे धोरण ओढ्यात उतरत नाही, तेथे माणसेच उतरतात. मोहिमेच्या पत्रकावर ‘सोपी’, ‘मध्यम’, ‘अवघड’ असे मोघम शब्द छापून भागणार नाही. एकाला सोपी ती दुसऱ्याला जीवघेणी. एकूण अंतर किती, चढ किती, चालीचे तास किती, पिण्याचे पाणी कोठे, आणि वाट सोडून रस्त्याला लागता येईल अशी ठिकाणे कोणती, या पाच गोष्टी पत्रकात आल्या पाहिजेत. त्याबरोबरच, आधी एखादी छोटी चाल पूर्ण केल्याशिवाय मोठ्या मोहिमेत नाव घेऊ नये. असा दंडक घातल्याने गर्दी थोडी घटेल, वर्गणीही घटेल. पण परतणाऱ्यांची संख्या निघालेल्यांइतकीच राहील. यशस्वी मोहिमेची दुसरी कोणती व्याख्या असू शकते?

अखेर, ज्या रात्रीच्या स्मरणार्थ ही सारी पायपीट चालते, ती रात्र नीट वाचली पाहिजे. ते बेभान धाडस नव्हते. मार्च १६६० पासून चाललेल्या वेढ्यात योग्य संधीची वाट पाहिली गेली. सोबत निवडली गेली ती डोंगरवाटांना सरावलेल्या मावळ्यांची. खुद्द महाराज पालखीत बसून निघाले आणि भोयांच्या खांद्यांवर ती वाट कापली गेली, असे इतिहास सांगतो. आणि मूठभरांनी मोठ्या फौजेला थोपवावयाचे तर ती जागा खिंडीचीच हवी, हेही ओळखले गेले. वाट, वेळ, माणसे आणि जागा या चारींची पारख त्या शौर्याच्या मुळाशी होती. बाजीप्रभूंनी देह ठेवला तो हिशेब चुकला म्हणून नव्हे. त्या हिशेबातील सर्वांत जड भाग त्यांनी जाणून स्वतःच्या शिरावर घेतला म्हणून. त्यांच्या वाटेवरून चालू इच्छिणाऱ्याने निदान आपले बळ ओळखून पहिले पाऊल टाकावे, एवढी अपेक्षा त्या खिंडीने केली तर ती फार मोठी म्हणता येणार नाही.