परसातल्या चुलीलाही एक नकाशा द्या

मा. जिल्हाधिकारी, धाराशिव यांस,


पत्राचा विषय साधा आहे: घराबाहेरची चूल आणि तिच्यावरचं पत्र्याचं शेड.

आपल्या जिल्ह्यात घर सिमेंटचं झालं तरी ज्वारीची भाकरी बाहेरच्या चुलीवरच भाजली जाते. गॅस असतो, तो चहाला आणि पाहुण्यांच्या घाईला. घरकुल योजनेत किमान घर २५ चौरस मीटरचं, तेही स्वयंपाकाच्या जागेसकट. तेवढ्यात चूल पेटवली तर माणसांनी धुरात झोपायचं का? मग परसात चार पत्रे चढतात. पुढं आणखी दोन जोडले की वडीलधाऱ्यांना बाज टाकायला सावली होते.

उमरगा-लोहारा भागात याला आणखी एक इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झालेल्या भूकंपात सास्तूरसारख्या गावांत कित्येक माणसं माळवदाच्या मातीखाली आणि चिखलात रचलेल्या दगडी भिंतींखाली गेली. पुनर्वसनात घरं मिळाली ती जमीनधारणेप्रमाणं: २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. मजबूत होती, यात वाद नाही. पण जुन्या वाड्यात ढाळज होती, ओसरी होती, गोठा होता, चुलीची जागा ठरलेली होती. हे सगळं २५० फुटांत कुठून बसणार? लोकांनी ते बाहेर वाढवलं. मूळ घराचा आराखडा अभियंत्यांनी केला. त्याला टेकवलेलं शेड गावच्या वेल्डरनं नजरेच्या अंदाजानं उभं केलं.

ते शेड एकदा जवळून पाहावं. पत्रा पाइपाला धरून ठेवायला हुक आणि रबरी वॉशर लागतात. खर्च वाचवायला हुक एकाआड एक मारतात आणि कसर भरून काढायला वर दगड ठेवतात, फुटकं जातं ठेवतात, जुना टायर टाकतात. खालचे खांब फूटभर खड्ड्यात, भोवती मुरूम. वळवाचं वारं सुटलं की पत्रा आधी उडतो आणि दगड खाली येतो. भूकंपानंतर डोक्यावरचा दगड काढायला सरकारनं एवढा पैसा ओतला, आणि आपण तो पुन्हा हातानं वर चढवतोय.

परवानगीचं काय? कायद्यानं, म्हणजे १९६६ सालच्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानं, ती लागते. डिसेंबर २०२०मध्ये आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनं १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांचं काम बरंच सोपं केलं: मालकीचे कागद, नकाशा, परवानाधारक अभियंत्याचा दाखला, शुल्काची पावती. घर बांधणाऱ्याला हे जमतं. दहा बाय बाराच्या शेडसाठी कोण अभियंता गाठणार? त्याची फी पत्र्याच्या निम्म्या किमतीला जायची. त्यात उतारा आजोबांच्या नावावर, आणि वाटण्या तोंडी. म्हणून लोक सरळ शेड मारतात, नमुना आठला नोंद लावून घेतात, कर भरतात आणि पावती परवानगी समजून जपून ठेवतात. पुढं कधी भाऊबंदकीत तक्रार झाली की कळतं, कर वेगळा, परवानगी वेगळी.

परवानगीच नको, असं मी म्हणणार नाही. १९९३ पाहिलेल्या जिल्ह्यात तसं म्हणवत नाही. पण कागदाची तपासणी होते आणि हुकाची होत नाही, हे उलटं आहे.

माझी मागणी एवढीच. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडून परसातल्या शेडचे दोन-तीन तयार नकाशे करून घ्यावेत, नियमावलीत बसणारे, आधीच सही झालेले. खांब किती खोल, काँक्रीट किती, हुक किती अंतरावर, चूल शेजारच्या भिंतीपासून आणि कडब्याच्या गंजीपासून किती लांब, धूर कुठून निघेल, आणि पत्र्यावर दगड ठेवायचा नाही, हे चित्रांतून दाखवावं. तो कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. त्याप्रमाणं बांधणाऱ्याला वेगळ्या अभियंत्याचा दाखला नको. जिथं गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका आली आहे, तिथं मालकीसाठी तीच धरावी. यातलं जे आपल्या अधिकारात नसेल, त्याचा प्रस्ताव शासनाकडं पाठवावा. धाराशिव शहरात आणि इतर नगरपालिकांत सामासिक अंतरांचा प्रश्न अधिक किचकट आहे, तो मुख्याधिकाऱ्यांनी स्वतंत्रपणे हाताळावा.

आणि गावोगावच्या वेल्डरांना एकदा तालुक्याला बोलवावं. नकाशा घरमालक वाचणार नाही कदाचित; वेल्डर नक्की वाचेल, कारण हुक तोच मारतो. सुरुवात लोहारा आणि उमरग्यापासून करावी, आणि ती मार्च संपायच्या आत, कारण वळवाची वादळं एप्रिलमध्येच गाठतात.

आपला,
लोहारा तालुक्यातील एक रहिवासी