पोळं दिसलं की टेंभा पेटवायचा?

परवा खत आणायला ट्रॉली काढायची होती. उन्हाळभर शेडमध्येच उभी. वाकून बघितलं तर फाळक्याखाली गांधीलमाशांचं पोळं, अन् शेजारच्या रिकाम्या पत्र्याच्या पेटीत सातेरी मधमाश्या. गडी म्हणाला, "दादा, डिझेलचा बोळा लावू का?"

नको म्हणालो. दोन वर्षांपूर्वी हेच केलं होतं. ट्रॉलीचं वायरिंग जळालं अन् चवताळलेल्या माशा आईला चावल्या. धाप लागली, रात्रीच तालुक्याला पळवावं लागलं.

माझं मत, आधी ओळखा, मग हात लावा. सातेरी बंद जागेत एकाशेजारी एक पोळी बांधते. कांदा बियाणं, कलिंगड, काकडीला तिचा मोठा आधार. काल संध्याकाळी मधपाळाने तिला लाकडी पेटीत भरलं, पेटी बांधावर ठेवली.

गांधीलमाशी मध देत नाही, पण पिलांसाठी पिकावरच्या अळ्या नेते. झाडावर असेल तर राहू द्या. ट्रॉली, स्टार्टरची पेटी, जिथं आपला हात जातो तिथं मात्र नको. पोळं लहान असतानाच जाणकाराकडून काढून घ्या. मधमाशी एकदाच डंख मारते, ही पुन्हा पुन्हा मारते.

चावल्यावर धाप लागली, अंगावर गांधी उठल्या तर चुना लावत बसू नका, दवाखाना गाठा.

उभ्या अवजाराखाली पंधरा दिवसांनी एकदा वाकून बघत जा. आगीपेक्षा ते स्वस्त पडतं.